एका रोटीपुरती चूल

"मन लागत नसेल तर थोडं थांब, मन लागलं की आपोआप होईल," असं मला त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकीच्याही घरी मन लागल्यावर भांडी घासली जात असतील असं मला वाटत नाही. भांडी पडलेली असतात म्हणून घासतात. पण दुसऱ्याच्या दुःखावर बोलायला बसलं की लोकांना मन आठवतं. माझा स्वभाव आधीच तापट. मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, ऊठ बाई आता, चहाचा कप रिकामा होऊन किती वेळ झाला.

हिंगणघाटला नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका जिनिंगच्या मागे आमचं घर आहे. दोन भाऊ, दोन बिऱ्हाडं, मध्ये सामाईक अंगण. हंगामात कापसाच्या गाड्या गेल्या की अंगणातल्या तुळशीवरसुद्धा कापूस चिकटलेला असतो. त्या अंगणात मी आणि माझी मोठी जाऊ गावातल्या पंगतींसाठी लांब रोट्या करायचो. लग्न असो, बारसं असो की तेरवी, आमच्याकडे पंगतीत लांब रोटी लागतेच. चुलीवर मडकं पालथं घालायचं, खालून पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, जाळ करायचा, आणि हातावर वाढवत वाढवत कोपरापर्यंत लांब केलेली पातळ रोटी त्या तापलेल्या बुडावर पसरायची. हे एकटीचं काम नाही. एक बाई परातीवर बसते, एक मडक्यावर. जाऊबाई परातीवर आणि मी मडक्यावर, हे माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ठरून गेलं आणि पुन्हा कधी बदललं नाही.

परातीवरचं काम म्हणजे कणीक. ती पोळीच्या कणकेसारखी मळत नाहीत. सैल भिजवायची, पाण्याचा हबका मारायचा, उचलून आपटायची, पुन्हा उचलायची, पुन्हा आपटायची. जाऊबाईच्या आपटण्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. ती कणीक आपटता आपटता बोलायची. सगळ्या गावाच्या सुना, सगळ्या गावाची भांडणं, कुणाच्या वरातीत कोण पडलं, सगळं त्या परातीत. मी तिच्याकडे पाठ करून मडक्याशी, धुरात डोळे पुसत, हो म्हणायचे. मला वाटायचं की मी कंटाळून हो म्हणते. आता वाटतं, माझे हात त्या बडबडीच्या ठेक्यावर चालत होते.

श्रावणात तिला ताप आला. दवाखान्यात डेंग्यू निघाला. पोळा यायच्या आत ती गेली. एवढंच. याच्याहून जास्त मला त्या दिवसांतलं सांगता येत नाही आणि कुणी विचारलं की राग येतो.

त्यानंतर दसऱ्याला रोट्यांची विचारणा आली, मी नाही म्हटलं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली, मी नाही म्हटलं. घरातली गॅसवरची पोळी मी करत होते, भाजी करत होते, धुणं करत होते. नुसतं अंगणातल्या त्या कोपऱ्यात जाववत नव्हतं. नवऱ्याला सांगून मी मडकं मोरीच्या मागे ठेवून दिलं. पण ते डोळ्याआड झालं म्हणून जीव थाऱ्यावर आला नाही. बसवत नव्हतं आणि काही करवतही नव्हतं. निवडलेली डाळ मी पुन्हा निवडायचे. फाटकापर्यंत जायचे, कुणी नसायचं, परत यायचे. टीव्ही लावायचे आणि तो चालू असताना उठून डबे पुसायला घ्यायचे, अर्धे पुसून सोडून द्यायचे. हाताला सारखं काहीतरी पाहिजे होतं आणि जे पाहिजे होतं त्याला हात लावायची हिंमत नव्हती.

माझा नवरा साधा माणूस. जिनिंगमध्ये गाठींच्या वजनाचं काम करतो. त्याला वाटलं बायकोला उभारी दिली पाहिजे, म्हणून तो कामावरून मला मोबाईलवर व्हिडिओ पाठवायचा. एक कोट घातलेला माणूस स्टेजवर येरझाऱ्या घालत ओरडायचा की तुमच्या आत एक ज्वाला आहे. माझ्या आत ज्वाला होती, मला ठाऊक होतं, ती नवऱ्यावर निघायची. त्या कोटवाल्याच्या घरी गॅस संपला तर तो काय करत असेल, हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला. त्यानं दोन दिवस व्हिडिओ पाठवले नाहीत. मग पुन्हा सुरू.

पुतणी नागपूरला बँकेत नोकरी करते. जाऊबाईची एकुलती एक. संक्रांतीच्या सुमारास तिचं लग्न जमलं, मुलगा पुलगावचा. वर्षाच्या आत उरकून टाका, नाहीतर मग तीन वर्षं थांबा, असं जुन्या लोकांनी सांगितलं आणि वैशाखातली तारीख निघाली. एका रविवारी भासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांच्या, बैठकीत सगळे बसले. आमच्याकडे भासऱ्यांसमोर सून पदर घेते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. आता पुष्कळ घरांत हे राहिलं नाही, आमच्यात राहिलं. इतक्या वर्षांत मी आणि ते एकमेकांशी जे बोललो ते सगळं नवऱ्याच्या किंवा जाऊबाईच्या तोंडून. तेव्हा मी दाराआड उभी होते. मंडप, बँड, घोडा, सगळं झालं आणि जेवण आलं.

"रोट्यायचं राहू द्या," पुतणी म्हणाली. "काकूले तरास नको. कॅटरर तंदुरी ठेवते."

पोरगी माझ्यावर माया करून बोलली होती. पण तंदुरी हा शब्द माझ्या डोक्यात गेला. या मुलीच्या बारशाला आम्ही रोट्या केल्या तेव्हा जाऊबाई ओली बाळंतीण, तिला कुणी चुलीजवळ येऊ देईना, तर ती खाटेवरून म्हणाली होती की हिच्या लग्नात मी परातीवर, तू मडक्यावर, बाहेरची बाई लावायची नाई. नंतर दर लग्नाच्या ऑर्डरीला ती हे म्हणायची. दुसऱ्यांच्या लेकींसाठी रोट्या करताना ती मनातल्या मनात आपल्या लेकीच्या लग्नाची तयारी करत होती, हे मला माहीत होतं. ती गेली म्हणून तिच्या लेकीच्या पंगतीत हॉटेलची रोटी यावी? मी दाराआडून बोलून गेले, आणि हळू नाही बोलले.

"लग्नाच्या रोट्या मी करीन."

मग भासरे नवऱ्याला म्हणाले, आणि मी पाच हातांवर उभी होते, "तिले म्हणा, जमन तं करा. नाई तं जीव नोका काढू."

माणसाची जीभ अशी पुढे निघून जाते आणि हात मागे राहतात. माझं तसं झालं. शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा डाळ निवडणं सुरू. कालनिर्णयाच्या पानाकडे मी मुद्दाम बघत नसे. फेब्रुवारी गेला. नवऱ्यानं हळूच विचारलं, तालीम वगैरे कधी करणार, तर मी त्याला म्हटलं नाटक आहे का. होळी आली. मी अजून मोरीच्या मागे गेले नव्हते. आणि खरी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती: मला कणीक येतच नव्हती. इतकी वर्षं मी हात पुढे केला की तिथे तयार गोळा यायचा. गावात आमचं नाव होतं, पण त्या नावातला अर्धा भाग स्मशानात गेला होता.

सुरुवात झाली ती रागानं. एका दुपारी कोटवाल्याचा आणखी एक व्हिडिओ आला, मोठं स्वप्न बघा असा. मी मोबाईल गादीवर फेकला, आणि मनाशी म्हटलं, फोडून टाकते ते मडकं, म्हणजे विषय संपेल. मोरीच्या मागे गेले. मडकं उचललं तर आत कोळ्याची जाळी, वर कोंबडीची घाण, एका बाजूला चिखल सुकलेला. इतकं घाण मडकं कसं फोडायचं? फोडायचं तरी पुसून फोडावं. मी ओलं फडकं आणलं. बूड पुसलं, कड पुसली, आतून राखेनं घासलं. घासून झालं तोवर राग उतरला होता. फोडायचं राहिलं. मी ते अंगणात उन्हात पालथं घातलं आणि घरात येऊन झोपले. त्या दिवशी मी एवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी ते अंगणात पायात येत होतं. कपडे वाळत घालताना मी दोनदा अडखळले. म्हणून कोपऱ्यातल्या जुन्या विटा रचून त्यांच्यावर ठेवलं. ते पुन्हा चुलीवर आलं, पण माझा तसा काही विचार नव्हता, रस्त्यातून बाजूला करायचं होतं. मग त्याच्या बाजूला पऱ्हाट्या पडलेल्या दिसायला लागल्या. एका संध्याकाळी त्या पेटवल्या. मडकं तापलं, मी समोर बसून राहिले. कणीक नाही, काही नाही.

शेजारची म्हातारी भिंतीवरून डोकावली. तिची एक तांबडी गाय आहे आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतं हे कळल्याशिवाय तिला झोप येत नाही.

"मडकं तापवून राह्यली, रोटी कुठं हाय?" तिनं विचारलं.

मडकं शेकायला ठेवलं होतं असं कुणाला सांगणार? मी म्हटलं आणतेच, आणि लाजेकाजेस्तव आत जाऊन मूठभर पीठ भिजवलं. आपटलं. हातावर घेतलं तर मनगटापर्यंत येता येता मध्ये भोक पडलं. तशीच मडक्यावर टाकली, ती चिकटली. उलथन्यानं खरवडून काढावी लागली. म्हातारी बघत होती. मी तिला म्हटलं, पहिली आहे, गायीची.

यात खोटं काही नव्हतं. मडक्यावरची पहिली रोटी नेहमीच बिघडते, मडकं तेव्हा पुरतं तापलेलं नसतं. म्हणून आमच्यात पहिली रोटी माणसांच्या ताटात वाढत नाहीत, ती गायीची. जाऊबाई असतानाही पहिली गायीलाच जायची. मी ती तुकडे झालेली रोटी भिंतीवरून म्हातारीच्या हातात दिली आणि घरात आले. आत आल्यावर मला सुचलं की आपण फक्त गायीची करावी. पंगतीची नाही, लग्नाची नाही, घरच्यांची नाही. ती फाटली तरी चालते, चिकटली तरी चालते. तिच्यासाठी मन लागायची गरज नाही. एक मूठ पीठ, चार पऱ्हाट्या, एक रोटी, आणि चूल विझवायची.

असं मी रोज करायला लागले. चांगलं वाटत होतं असं नाही. चूल पेटवताना पाठीमागे परातीचा आवाज नाही हे रोज नव्यानं कळायचं, आणि मी घाईघाईनं उरकून उठायचे. पण गायीला सवय लागली. तिसऱ्या प्रहरी म्हातारी तिला सोडायची तर ती नदीकडे न जाता सरळ आमच्या फाटकाशी. मला कधी अगदी नको व्हायचं, मी पांघरूण घेऊन पडून राहायचे, तर ही फाटकाला शिंग लावून ढकलायची, हंबरायची. गल्लीतली लोकं विचारायची की काऊन वं, गाय काऊन बोंबलून राह्यली तुह्या दारात. मग मी तिला नाही नाही त्या शिव्या देत उठायचे आणि पीठ भिजवायचे. मन कुठेच लागलं नव्हतं. गाय दारात होती.

रोटी मात्र सुधरेना. पाणी वाढवलं, कमी केलं, मीठ वाढवलं, तासभर भिजवून ठेवलं. मनगटाच्या पुढे ती जात नव्हती. जाऊबाईच्या हातची कणीक कोपरापर्यंत ओघळत यायची आणि तुटायची नाही. मी आपटत होते, तीही आपटायची. मग फरक कशात होता? मी परातीवर चिडायचे, स्वतःवर चिडायचे, आणि तिच्यावर. इतकी गावभरची बडबड केली आणि कामाचं एक वाक्य सांगून गेली नाही.

अशात एके दिवशी म्हातारी फाटकातून आत आली. तिचा चेहरा बघूनच मी उभी राहिले.

"माह्या गाईले हगवण लागली," ती म्हणाली. "रोज कच्ची कणीक चारून राह्यली तू तिले. आजपासून मी तिले बांधून ठेवतो, सांगून ठेवतो तुले."

आणि तिनं खरंच गाय बांधली. मला काय वाटलं ते सांगते. हसू यायला पाहिजे होतं, आणि आज येतं. तेव्हा अपमान वाटला. माझी रोटी माणसांच्या लायकीची नव्हतीच, आता जनावराच्याही नव्हती. लग्नाला महिनासुद्धा उरला नव्हता. मी ठरवलं, संध्याकाळी नवऱ्याला सांगायचं की तुमच्या भावाला सांगा, तंदुरी ठेवा.

दुपार झाली. गाय आली नाही. तिसऱ्या प्रहरी मी डाळीचं ताट घेऊन ओसरीवर बसले. फाटक गप्प. थोड्या वेळानं बघते तर ताट खाली होतं आणि मी अंगणात पऱ्हाटी मोडत होते. केव्हा उठले ते आठवत नाही. आता पेटवलीच आहे म्हणून मूठभर पीठ घेतलं. रोटी केली, फाटली, चिकटली, खरवडली. द्यायला कुणी नव्हतं. मी तिथेच पाटावर बसून ती मिठासोबत खाल्ली. म्हातारीचं खरं होतं, मध्ये कच्ची होती. नवरा आला तेव्हा त्याला मी तंदुरीचं काही बोलले नाही.

त्या रविवारी पुतणी कपड्यांच्या खरेदीसाठी आली. मी अंगणात होते. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, जाऊबाई बसायची तशीच, गुडघे छातीशी घेऊन. परातीतली कणीक तिनं चिमटीत धरून ओढली. ती लगेच तुटली.

"काकू, गहू कोणचा हाय?"

मी म्हटलं घरचा, यंदाचा, नुकताच आला.

"आई नव्या गव्हाची रोटी करे काय कधी? नव्या गव्हाले ताण नाई राहत म्हणे. मी लहानपणी टिपाडातून काढून द्यो तिले, जुना."

मी हातातली कणीक परातीत टाकली आणि तशीच बसून राहिले. लग्नसराईचा भर येतो वैशाखात, आणि नवा गहू येतो त्याच्या थोडा आधी. घराघरांत नव्या गव्हाची हौस. आमच्याकडेही पोळ्यांना नवा निघायचा. रोट्यांना मात्र जाऊबाई भासऱ्यांच्या खोलीतल्या पत्र्याच्या टिपाडातून गहू काढायची, मागच्या वर्षीचा, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला. मी कधी विचारलं नाही की दोन गहू कशाला. ते माझ्या बाजूचं काम नव्हतं.

"आहे का त्यात अजून?" मी विचारलं.

पोरीनं बोटांची कणीक परातीच्या कडेला पुसली. मग म्हणाली, "भरून हाय. आईनं माह्या लग्नासाठी ठेवलेला. पण बाबा त्याले हात लावू देत नाई."

त्या खोलीत मी जाऊ शकत नव्हते आणि त्या माणसाशी बोलू शकत नव्हते. पुतणी संध्याकाळच्या बसनं नागपूरला गेली. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, दादाला कसं विचारू, तो त्या टिपाडाला टेकूनच बसलेला असतो. त्यानं विचारलं की नाही मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर टिपाड उभं. अंगणातून ओढत आणल्याची मातीत रेघ होती, त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत सरळ. त्यांच्या वयाला एकट्यानं ओढायचं ते वजन नव्हे. ते समोर आपल्या ओसरीवर पाठमोरे बसले होते. मी समोर कुणी नसताना मोठ्यानं म्हणाले, "टिपाड कोणी आणलं त्यायले सांगा, चहा ठेवला हाय." नवरा मोरीत होता, तो आतून म्हणाला कोणाला सांगू. चहाचा कप मी अंगणाच्या मधल्या दगडावर ठेवला आणि आत आले. थोड्या वेळानं कप रिकामा होता.

जुन्या गव्हाची पहिली रोटी केली त्या दिवशी मी गायीसाठी म्हणूनच केली, गाय नव्हती तरी. ती मनगट ओलांडून गेली. कोपरापर्यंत गेली नाही, पण गेली, आणि मडक्यावरून सुटी निघाली. दुसरीही करून पाहावी असं वाटलं. मग तिसरी. त्या तिन्ही भासऱ्यांच्या ताटात गेल्या आणि ताट धुऊन आल्यासारखं परत आलं. मला आनंद झाला असं म्हणवत नाही. आता नाही म्हणायची वाट बंद झाली होती.

आपटण्याचा आवाज पुन्हा गल्लीत जायला लागला तशी म्हातारी आली. भांडण विसरून, किंवा न विसरता. तिनं परात स्वतःकडे ओढली आणि म्हणाली, तू मडक्यावर सरक, तुह्यानं दोन्ही होत नाई. तिच्या दंडांत अजून जोर होता. ती बोलत मात्र नव्हती, दात नाहीत म्हणून तोंड मिटून आपटायची. मला त्या गप्पपणाची सवय करावी लागली.

लग्न घरच्याच मंडपात होतं. दिवस उजाडताच मी चूल पेटवली. हळद लागलेल्या नवरीनं जाळाजवळ यायचं नसतं, म्हणून पुतणी दुरूनच खिडकीतून बघत होती. पहिल्या काही रोट्यांना मला वाटलं, होणार नाही, पंगतीच्या पंगती बसतील आणि मी इथे फाटक्या रोट्या घेऊन उभी असेन. मग हात लागला. एक टाकली की दुसरीचा गोळा हातात, ती वाढते तोवर पहिली निघते, घडी, टोपली. ऊन वर आलं, घाम डोळ्यांत गेला, मनगटं भाजली, पण थांबावंसं वाटेना. कुणीतरी येऊन टोपली घेऊन जायचं, रिकामी आणून द्यायचं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा नवरा बोलवायला आला. मी म्हटलं, आलेच, दोन राहिल्यात. म्हातारी हात धुऊन अक्षता टाकायला गेली. मी परात स्वतःकडे ओढली. आता मला कणीकही येत होती. परातीवरही मी आणि मडक्यावरही मी. बँड वाजला, तो थांबला, पंगत बसली, दुसरी बसली, वाढपी ओरडत होते, मग ओरडणं कमी झालं. मला वाटत होतं की अजून पुष्कळ माणसं जेवायची आहेत. मी करत राहिले.

कुणाची तरी सावली मडक्यावर पडली. पुतणी उभी होती. शालू, हातात हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्या, आणि धुरानं डोळे लाल झालेले, की रडून, मला कळलं नाही. तिच्यामागे ऊन उतरलेलं होतं.

"काकू, पंगती केव्हाच्या उठल्या," ती म्हणाली. "कोणासाठी करून राह्यली?"

मी बाजूला पाहिलं. टोपल्यांत रोट्या, पातेल्याच्या झाकणावर रोट्या, पाटावर अंथरलेल्या धोतरावर रोट्यांच्या घड्या, गार होऊन कडक झालेल्या. एवढ्या मी केल्या? मी तिला म्हटलं, थोडी कणीक उरली आहे, वाया जाईल, एवढ्या दोन होऊ दे. आणि एक गोळा उचलून हातावर घेतला, वाढवला, मडक्यावर टाकला. तिनं खाली बसून माझी दोन्ही मनगटं धरली, कणकेसकट.

"आई गेली, काकू. आता मी बी चालली. राहू दे."

इतक्या सरळ शब्दांत मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले होते, शांत झाली, सुटली, देवाला आवडली. जाऊबाई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि मी चहाचं पातेलं सोडलं नव्हतं. कुणीतरी चहा करायलाच हवा होता. मी रडले नव्हते. नंतर वाटलं, आता काय रडायचं, वेळ निघून गेली. पोरीनं मनगटं सोडली नाहीत, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मला माझा वाटला नाही. मी तिच्या गळ्यात पडले. नव्या शालूला कणीक लागली, राख लागली. ती तशीच बसून राहिली. भासरे मंडपाच्या कडेला येऊन उभे होते. नवरा मला उठवायला पुढे आला तर ते त्याला म्हणाले, "रडू दे तिले."

फाटकाबाहेर पुलगावची गाडी फुलं लावून उभी होती आणि वऱ्हाडी खोळंबले होते. पाठवणीला नवरीनं रडायचं आणि काकूनं समजवायचं अशी रीत आहे. आमच्या अंगणात नवरी मला थोपटत बसली होती, आणि मडक्यावर टाकलेली रोटी जळून काळी झाली तरी कुणी ती काढली नाही.